कंपनीचा एचआर आणि वस्तीतली पोरं

वालूरची ओळख बाहेरच्यांना बारवांमुळे आहे. चक्राकार पायऱ्यांची बारव पाहायला लांबून लोक येतात, फोटो काढतात, परत जातात. गावातली पोरं मात्र उलट्या दिशेने निघतात. सेलूला गाडी धरायची, छत्रपती संभाजीनगरला उतरायचं, मग वाळूज नाहीतर शेंद्रा. तिथे जमलं नाही तर चाकण, रांजणगाव. त्यात बारावीवाले आहेत, आयटीआयवाले आहेत, बी.ए. आणि आता इंजिनिअरिंग झालेलेही आहेत. वस्तीत विचारलं की आई-बाप अभिमानाने सांगतात, पोरगं कंपनीत आहे. कोणत्या कंपनीत, असं विचारलं की उत्तर अडखळतं. कारण गेटवर ज्या कंपनीचं नाव आहे तिच्या हजेरीपटावर पोराचं नाव नाही. ते ठेकेदाराकडे आहे. आणि ठेकेदार दर सात महिन्यांनी ‘ब्रेक’ देतो, नाव बदलतो, कधी कधी स्वतःच बदलतो.

आमचं म्हणणं सरळ आहे. आरक्षणाचा प्रश्न जितका आपला, तितकाच एचआर आणि कामगार कायदा हा विषयही आपला आहे. आपल्या समाजातली फार मोठी तरुण पिढी आज खाजगी नोकरीत आहे किंवा तिथे घुसायला धडपडते आहे. या नोकरीचं दार उघडायचं की नाही, कुणाला परमनंट करायचं, कुणाला काढायचं, हे सगळं ‘ह्यूमन रिसोर्स’ नावाचा विभाग ठरवतो. आणि आपल्या सभांमध्ये, शिबिरांमध्ये, १४ एप्रिलच्या भाषणांमध्ये या विभागाबद्दल कुणी एक वाक्य बोलत नाही.

बाबासाहेब बोलत होते. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे बाबासाहेबांनी तिथे सांगितलं, ते आपल्याला पाठ आहे. त्याच भाषणातला दुसरा भाग फारसा कुणी वाचत नाही. रेल्वेत अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच का संपतो, याची त्यांनी फोड केली होती. त्याला पोर्टर का करत नाहीत? कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरची कामं करून घेतो, आणि अस्पृश्य माणूस त्याला घरात चालत नाही. म्हणजे बढती अडली ती कामाच्या कुवतीमुळे नाही, तर साहेबाच्या घरातल्या माठामुळे. आजच्या भाषेत याला ‘प्रमोशन पॉलिसीचं ऑडिट’ म्हणतील आणि त्याचे लाखो रुपये घेतील. मुंबईच्या गिरण्यांतही तेच. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्याला ते खातं बंद. १९२८-२९ च्या गिरणी संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला होता. जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे, हा सिद्धांत त्यांनी या असल्या खात्याखात्यांच्या अनुभवातून उभा केला.

पुढे जुलै १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी १९४६ ची दुरुस्ती त्यांच्या खात्याची. म्हणजे ज्या माणसाला आपण घटनेचा शिल्पकार म्हणतो, तो घटनेच्या आधी कामाचे तास, पगारी रजा, विमा, कामगार-मालक-सरकार अशा तिघांच्या बैठका यांत चार वर्षं घालवून आला होता. आपण मात्र हा वारसा ‘डावे बघतील’ म्हणून सोडून दिला. डाव्यांनी काय पाहिलं ते मनमाडच्या भाषणातच आहे. जातीचा विषय काढला की एकजूट फुटते, हे उत्तर तेव्हाही मिळत होतं आणि आजही युनियनच्या ऑफिसात तेच मिळतं.

आता आजचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने चार कामगार संहिता लागू केल्या. २९ जुने कायदे त्यात गुंडाळले. आपल्यातले काहीजण म्हणतात, हे सगळं मालकांसाठी आहे, वाचायचं कशाला? आम्ही म्हणतो, मालकांसाठी आहे म्हणूनच वाचायचं. त्यात आपल्या हातून काय गेलं हे तर कळलं पाहिजेच, पण चुकून आपल्या हाताशी काय राहिलं तेही कळलं पाहिजे.

गेलं ते मोठं आहे. कारखान्याचे ‘स्थायी आदेश’ म्हणजे स्टँडिंग ऑर्डर्स महाराष्ट्रात ५० कामगारांपासून लागू होते. कुणाला परमनंट म्हणायचं, शिस्तभंगाची चौकशी कशी करायची, हे त्यात असतं. वर्षात २४० दिवस सलग भरले की परमनंट, हा आधार आपल्या राज्याच्या नमुना स्थायी आदेशांतच होता. ठेकेदार सात महिन्यांनी ब्रेक का देतो, याचं उत्तर या २४० च्या आकड्यात आहे. नव्या संहितेत स्थायी आदेशांची अट ३०० कामगारांवर गेली. कारखाना बंद करायला किंवा कामगार कपात करायला सरकारची परवानगी लागायची, तिथलीही अट १०० वरून ३०० झाली. वाळूजच्या ज्या शेडमध्ये आपली पोरं प्रेस मशीन चालवतात, तिथे ३०० माणसं कुठून येणार?

ठेका कामगारांचा आकडा तर बघाच. १९७० च्या केंद्रीय कायद्यात २० कामगार असले की ठेकेदाराला परवाना लागायचा. महाराष्ट्राने तो आकडा आधीच ५० केला होता, आता संहितेने देशभर ५० केला. या आकड्याने काय होतं ते मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांना विचारा. कचरा उचलणारे ते बहुतेक दलित. कायदा लागू नये म्हणून कामाचे असे तुकडे पाडायचे की प्रत्येक ठेकेदाराकडे २० पेक्षा कमी माणसं दिसावीत, ही तिथली युक्ती होती. कुठे कामगाराला ‘स्वयंसेवक’ म्हणायचं आणि पगाराला ‘मानधन’. कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षं केस लढवली. २०१४ मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणाने हे ठेके बोगस ठरवले, आणि ७ एप्रिल २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांना कायम करण्याचा आदेश कायम ठेवला. त्यानंतरही नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक आहे म्हणून कितीतरी जणांना लटकवून ठेवलं गेलं. ज्याच्या बापाला कुणी शाळेत घातलं नाही, त्याच्या नावाच्या स्पेलिंगवर महानगरपालिका अडून बसते. याला व्यवस्थापन म्हणायचं की वर्णव्यवस्था, तुम्हीच ठरवा.

या केसमधून एक धडा घ्यायचा तो कागदाचा. हजेरी कार्ड, गेटपास, पगाराची बँक नोंद, ज्यांच्याकडे हे होतं त्यांची बाजू उभी राहिली.

आणि इथे नव्या संहितांमध्ये आपल्या हाताशी काही आहे. प्रत्येक कामगाराला लेखी नेमणूकपत्र देणं आता बंधनकारक आहे, ठेक्यावरच्यालाही. पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत, आणि पगारपत्रक दिलंच पाहिजे. तुम्ही राजीनामा दिला किंवा तुम्हाला काढलं, तर उरलेला पगार दोन कामाच्या दिवसांत. ‘फुल अँड फायनल’ला ४५ दिवस लागतात, हे एचआरवाले तोंडावर फेकतात. तो त्यांचा रिवाज आहे, कायदा नाही. ओव्हरटाइम दुप्पट दराने. ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ कंपनीने भरायचा आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करायचा, ही जबाबदारी जुन्या कायद्यातही होती, नव्यातही आहे. मुदतीच्या कंत्राटावर थेट कंपनीने घेतलं असेल तर तेच काम करणाऱ्या परमनंट कामगारापेक्षा कमी पगार देता येत नाही, आणि ग्रॅच्युइटी पाच वर्षांऐवजी एका वर्षावर लागू होते. बुडालेल्या पगाराचा दावा करायला तीन वर्षं मिळतात. आपली किती पोरं गाव सोडताना मागच्या कंपनीचे दोन-दोन महिन्यांचे पगार सोडून देतात! ‘जाऊ दे, कुठं भांडत बसायचं’ म्हणत सोडलेला हा पैसा वस्तीवस्तीतून मोजला तर एक विहार बांधून होईल.

पीएफचंही तसंच. पगारातून कापला जातो एवढं माहीत असतं, खात्यात भरला गेला का ते कुणी पाहत नाही. उमंग ॲपवर पासबुक दिसतं. मोबाईलवर रील बघणाऱ्याला ते बघायला दोन मिनिटं लागतात.

पण आम्हाला सगळ्यात जास्त छळतो तो मुद्दा वेगळा आहे. या चार संहितांमध्ये जात नाही. वेतन संहितेचं तिसरं कलम भरती आणि पगारात भेद करायला मनाई करतं, पण फक्त लिंगावरून. ते असायलाच हवं. पण जातीवरून? घटनेचं १६ वं कलम सरकारी नोकरीपुरतं. १७ वं कलम खाजगी माणसालाही बांधतं, आणि १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा व ॲट्रॉसिटी कायदा अस्पृश्यतेपोटी कुणाला नोकरी-धंद्यापासून अडवणं गुन्हा मानतात. पण हे फौजदारी कायदे आहेत. मुलाखतीतून ‘आम्ही कळवू’ म्हणून परत पाठवलेल्या मुलाला कारणच सांगितलेलं नसतं, तो पोलीस ठाण्यात जाऊन काय सिद्ध करणार? जातीवाचक शिवीगाळीच्या कलमाला ‘सार्वजनिक नजरेसमोर’ घडल्याची अट आहे. चार भिंतींत, साक्षीदार नसताना घडलेलं त्यात बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने हितेश वर्मा प्रकरणात २०२० मध्ये सांगितलं. मॅनेजरची केबिन म्हणजे नेमक्या चार भिंतीच.

लैंगिक छळाविरुद्ध मात्र दहा माणसांच्या ऑफिसातही अंतर्गत समिती असावी लागते. ती कुठून आली, हे आपल्या मुलामुलींना सांगा. राजस्थानातल्या भटेरी गावात भंवरीदेवी नावाची कुंभार समाजाची स्त्री सरकारची ‘साथिन’ म्हणून काम करत होती. बालविवाह थांबवायला गेली म्हणून १९९२ मध्ये वरच्या जातीच्या पुरुषांनी तिच्यावर सामूहिक बलात्कार केला. १९९५ मध्ये आरोपी त्या आरोपातून सुटले. तिच्या प्रकरणातून १९९७ चा विशाखा निकाल आला आणि २०१३ चा कायदा झाला. कॉर्पोरेट ऑफिसांना सुरक्षिततेचा नियम मिळाला तो एका मागास जातीच्या ग्रामीण बाईच्या लढ्यातून. पण नियम लिहिताना तिचं लिंग घेतलं आणि तिची जात गाळली. कामाच्या ठिकाणच्या जातीय छळासाठी अशीच अंतर्गत समिती का नको, हा प्रश्न आम्ही विचारतो तेव्हा एचआरचे लोक म्हणतात, ‘आमच्याकडे जात पाळतच नाहीत.’

पाळत नाहीत? सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी केलेला प्रयोग २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त आडनावाचा. उच्चजातीय आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाला बोलावणं येण्याची शक्यता ०.६७ पट निघाली, आणि मुस्लिम नावाला ०.३३ पट. त्याच अंकात सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांचा लेख होता. त्यांनी थेट एचआर मॅनेजरांनाच विचारलं. सगळे म्हणाले, आम्ही फक्त मेरिट बघतो. आणि बहुतेकांनी हेही सांगितलं की मुलाखतीत आम्ही ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ विचारतो. वडील काय करतात, गाव कोणतं, घरात कोण शिकलेलं. वालूरच्या ऊसतोड कामगाराच्या मुलाने या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? खरं सांगितलं तर मेरिट संपलं.

‘एम्प्लॉयी रेफरल’ नावाचं नवं फॅड याच्याही पुढचं आहे. आतल्या माणसाने ओळखीचा माणूस आणायचा, त्याला बक्षीस. आत ज्यांच्या जातीची माणसं आहेत त्यांच्याच जातीची आणखी माणसं आत. ‘कल्चर फिट’ हा दुसरा शब्द. कुणाचं कल्चर, हे कुणी सांगत नाही. सेबीने मोठ्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना जबाबदारीचा वार्षिक अहवाल देणं सक्तीचं केलं, त्यात कर्मचाऱ्यांत स्त्रिया किती, अपंग किती हे लिहावं लागतं. अनुसूचित जाती-जमातीचे किती, हे विचारलेलं नाही. उद्योगपतींच्या संघटनांनी २००६ च्या सुमारास खाजगी आरक्षणाचा कायदा टाळण्यासाठी स्वेच्छेची आचारसंहिता पुढे केली. स्वेच्छेचं काय होतं ते वीस वर्षांत दिसलं.

गंमत म्हणजे जात मान्य करायला या कंपन्यांना अमेरिकेत जावं लागलं. २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याने सिस्को कंपनीवर दलित इंजिनिअरच्या छळाचा दावा लावला. त्यातल्या दोन व्यवस्थापकांवरचा दावा २०२३ मध्ये मागे घेतला गेला, पण तोवर चर्चा जगभर गेली होती. ॲपल आणि आयबीएम यांनी आपल्या धोरणात ‘जात’ हा शब्द घातला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातिभेदाला बंदी केली. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानेही विधेयक मंजूर केलं, गव्हर्नरने ते अडवलं. सिएटलमध्ये जो शब्द नियमात बसतो, तो वाळूजमध्ये का बसत नाही?

परभणी जिल्ह्याच्या पोरांपुढे आणखी एक दार आहे, ‘बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन’चं. १० डिसेंबर २०२४ ला परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. पुढे पोलिसांची धरपकड, आणि १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत सोमनाथ सूर्यवंशी यांचा मृत्यू. ते कायद्याचे विद्यार्थी होते. अशा प्रत्येक आंदोलनात, २०१८ च्या भीमा कोरेगावनंतरच्या बंदमध्येही, गुन्हे नोंदले जातात ते वीस-बावीस वर्षांच्या पोरांवर. भाषण करणारे पुढारी पुढच्या भाषणाला जातात. पोरगं चारित्र्य पडताळणीत अडकतं. इथे कायद्याची एक गोष्ट नीट समजून घ्या. सरकारी नोकरीच्या बाबतीत अवतार सिंग निकालात (२०१६) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फॉर्ममध्ये विचारलं असेल तर खरं लिहावं, लपवणं हा स्वतंत्र दोष धरला जातो. पण खरं लिहिलं असेल तर गुन्ह्याचं स्वरूप, निर्दोष सुटका, किरकोळपणा हे नियुक्ती करणाऱ्याने विचारात घ्यायला हवं. म्हणून केस अंगावर घेणाऱ्या संघटनेने एफआयआरची प्रत, जामिनाचा आदेश, निकालाची प्रत प्रत्येक मुलाच्या हातात दिली पाहिजे. मोर्चाचं नियोजन जितकं करता, तितकंच याचंही करा.

आता आपल्या आतलं. आपली बरीच मुलं-मुली एमएसडब्ल्यू, एमपीएम, एमबीए करून एचआरमध्ये गेली आहेत. कामगार कल्याण अधिकारी आहेत. ही जागा छोटी नाही. पूर्वी ५०० कामगारांच्या कारखान्याला हा अधिकारी लागायचा, नव्या संहितेत २५० ला लागतो. या मित्रांना आम्ही क्रांती करा म्हणत नाही. त्यांच्या अभ्यासक्रमात जे चांगलं व्यवस्थापन म्हणून शिकवलं तेवढंच करा म्हणतो. अर्जातून वडिलांचा व्यवसाय आणि गाव काढून टाका. सगळ्या उमेदवारांना तेच ठरलेले प्रश्न विचारा आणि गुण लगेच लिहा. नाकारल्याचं कारण कागदावर ठेवा. रेफरलने किती भरायचे याला मर्यादा घाला. आचारसंहितेत ‘जात’ हा शब्द घाला, एवढं तर कुठल्याही ड्राफ्टमध्ये जमतं. विशिष्ट कामगारांच्या बाजूने पक्षपात करणं ही अनुचित कामगार प्रथा आहे, हे औद्योगिक संबंध संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीतच आहे. माणसाला वर्षानुवर्षं टेम्पररी ठेवणं हीसुद्धा. हे वरच्या साहेबाला दाखवता येतं. आडनाव बदलून, जयंतीला रजा न टाकता, गप्प बसून नोकरी टिकवणाऱ्यांचं दुःख आम्हाला कळतं. पण गप्प बसणाऱ्याच्या सहीनेच पुढच्या मुलाचा ब्रेक निघतो.

आणि ‘नोकरी मागणारे नको, देणारे बना’ म्हणणाऱ्या आपल्या उद्योजकांना, संस्थाचालकांना एक विचारायचं आहे. तुमच्याकडच्या शिक्षकाला, शिपायाला नेमणूकपत्र दिलंय का? खात्यावर पूर्ण पगार टाकून अर्धा रोखीने परत घेण्याचा प्रकार आपल्याच निळ्या पाट्यांखालीही चालतो, हे आम्ही जवळून पाहिलं आहे. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे म्हणून तो प्रकार वेगळा होत नाही.

सरकारही याच वाटेने चाललं आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ खाजगी एजन्सींमार्फत भरतीचा शासन निर्णय काढला, विरोध झाला म्हणून ऑक्टोबरमध्ये रद्द केला. २०२४ मध्ये कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन. काम कर्मचाऱ्याचं, नाव प्रशिक्षणार्थीचं. प्रशिक्षणार्थी म्हटलं की पीएफ नाही, नोकरीचा हक्क नाही. शब्द बदलून हक्क काढून घेण्याची ही पद्धत आपल्या समाजाने हजार वर्षं पाहिली आहे.

वर्षावासात विहारात ग्रंथवाचन होतं. आम्ही वालूर, सेलू आणि आसपासच्या गावांतल्या कार्यकर्त्यांना सुचवतो की त्यातला एक रविवार नेमणूकपत्र आणि पगारपत्रकाच्या वाचनाला द्या. सणाला गावी आलेल्या प्रत्येक पोराने आपले कागद घेऊन यावं. नेमणूकपत्र नसेल तर ठेकेदाराला व्हॉट्सॲपवर लेखी मागणी करावी आणि स्क्रीनशॉट ठेवावा. पीएफ पासबुक उघडावं. मागच्या तीन वर्षांत कुठे पगार बुडाला असेल त्याची तारीख, रक्कम, सुपरवायझरचं नाव वहीत लिहावं. दावा करायचा तो जिथे काम केलं त्या जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात, म्हणजे वाळूजचा असेल तर संभाजीनगरला, परभणीला नाही. एकट्याने जायचं नाही, एकाच ठेकेदाराकडचे चौघे-पाचजण मिळून जायचं. तीन वर्षांची मुदत पगार बुडाला त्या दिवसापासून मोजली जाते, म्हणून ज्यांचे कागद सगळ्यात जुने असतील त्यांनी आधी बसावं.